रश्मीचे चौकोन-बाण

रश्मीला तोंडी काही सांगायला लावा, दोन वाक्यांत तिची गाडी अडते. हातात खडू द्या, मग बघा! घरचा रस्ता विचारणाऱ्या पाहुण्याला ती पत्ता सांगत नाही, काढून देते. ही खोड बापाची. केदारी अप्पा हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. जेवताजेवता आमटीत बोट बुडवून फरशीवर गाडीचा ब्रेक काढायचे, आणि रश्मीची आई नागुबाई कपाळावर हात मारायची, "आधी घास तर गिळा!"

अशी ही पोरगी कॉम्प्युटर इंजिनिअर झाली आणि कोप्पीकर रोडवरच्या एका छोट्या कंपनीत पडली कुठं, तर टेस्टिंगला. म्हणजे दुसऱ्यांनी बांधलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकायच्या. पाच वर्षं हुडकल्या बाईनं! दर चुकीला तिला वाटायचं, अरे, बांधायच्या आधी मला विचारलं असतं तर? पण विचारतंय कोण!

मग कंपनीत ते वर्ग सुरू झाले. सॉफ्टवेअर लिहिण्याआधी त्याचा आराखडा चित्रात कसा मांडायचा, याचं पुढच्या पायरीचं शिक्षण. शिकवायला धारवाडचे प्रभंजन सर. मालक साकेत यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "या वर्गातून एकाला डिझाइनला घेणार. हेमावती अक्कांच्या मालकीच्या लग्नाच्या हॉलचं बुकिंगचं सॉफ्टवेअर त्याच्याकडं."

रश्मीचा जीव टांगणीला लागला. घरी येऊन चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "अप्पा, हे मला मिळालंच पाहिजे."

"मग काढ की!" अप्पा म्हणाले. एवढाच त्यांचा आशीर्वाद.

आणि काय सांगू, पोरगी पेटलीच! चौकोन म्हणजे एखाद्या गोष्टीची अवस्था, बाण म्हणजे ती कशानं बदलते. एवढ्यावर सर अख्खी बँक, अख्खा दवाखाना भिंतीवर उभा करायचे. रश्मी चुरमुऱ्यांचं गिरमिट खायची तेव्हासुद्धा दुसऱ्या हातात मार्कर. बसमध्ये कंडक्टर तिकीट फाडायला लागला की हिच्या डोक्यात बाण सुटायचे. एकदा उतरायचंच विसरली.

शेवटचं काम आलं: हॉलची तारीख कशी ठरते, ते काढा. बाकीच्यांनी दोन चौकोन काढले, 'रिकामी' आणि 'बुक', आणि मग त्यांना रंगीबेरंगी नक्षी. रश्मी मात्र रविवारी सरळ हॉलवर जाऊन बसली. बघते तर काय, माणसं येतात, "अक्का, तारीख धरून ठेवा, पोरीकडच्यांशी बोलून सांगतो" म्हणतात आणि निघून जातात. ना पैसा, ना सही. आणि अक्का ती तारीख खरंच दुसऱ्या कुणाला देत नाहीत! रश्मी आनंदानं उडायचीच बाकी होती. तिनं मधे तिसरा चौकोन काढला: 'शब्द दिलाय'. आणि त्यातून एक ऐटबाज बाण: आठ दिवसांत निरोप आला नाही तर तारीख आपोआप रिकामी.

शेवटच्या दिवशी खुद्द हेमावती अक्का चित्रं बघायला आल्या. पहिल्या चित्रापुढं उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "छान आहे." दुसऱ्यापुढं, "हेही छान." तिसऱ्यालाही तेच. पोरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

रश्मीच्या चित्रापुढं अक्का थांबल्या. चष्मा चढवला. कपाळाला आठ्या पडल्या. त्या बाणावर बोट आपटत म्हणाल्या, "यारु हेळिदरु? कोण म्हणालं तुला हे? शब्द काय दूध आहे, ठेवल्या ठेवल्या नासायला? मी त्यांना फोन करणार, ते नाही म्हणणार, तेव्हाच तारीख सुटणार!"

संपलं, गेलं हातातलं, असंच रश्मीला वाटलं. पण चूक दिसली की गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. "आणि त्यांनी फोन उचललाच नाही तर?"

"तर त्यांच्या मामाला करणार!"

"आणि मामा गावाला गेला असेल तर?"

"अय्यो, दे इकडं ते!" अक्कांनी तिच्या हातातला मार्कर ओढला, तो बाण खोडला आणि वेडावाकडा दुसरा काढला. रश्मीनं दुसरा मार्कर उचलून त्याला फाटा फोडला. अक्कांनी तो फाटा वळवला. दोघी कानडीत भांडत होत्या, मराठीत भांडत होत्या, आणि ते देखणं चित्र बघता बघता पार बरबटून गेलं. रश्मीची भीती कुठल्या कुठं पळाली. तिला इतकं भारी कधी वाटलंच नव्हतं.

साकेतना घाम फुटला. गिऱ्हाईक हातचं जातंय! ते पुढं आले, "अक्का, माफ करा, ही आमची टेस्टिंगची मुलगी आहे. बाकीची चित्रं तुम्हाला आवडलीत, त्यातलंच एक पक्कं करू या."

"कुठली बाकीची?" अक्का मान वर न करता म्हणाल्या. "त्यातलं मला काही कळलंच नाही, म्हणून छान म्हटलं. तुम्ही बाजूला व्हा जरा. हिला अजून पावसाळ्यातल्या तारखांचं सांगायचंय."