बिब्ब्याचे तीन ठिपके

अक्षर लागलं नाही तर सांभाळून घ्या. मी चौथीपर्यंत शिकले, तेही गुरुजी येतील त्या दिवशी. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं, ते मला कधी कळलं नाही, आणि कंपनीत बोटांची सालं गेल्यापासून पेन नीट धरवत नाही. लेकीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती. त्यांवर लिहिते आहे.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, लेकीला नाही. देवापुढं उभी राहिले तेव्हासुद्धा भलतंच काहीतरी पुटपुटून परत आले. मी मुळात कमी बोलणारी. लोक म्हणतात, गरीब बाई, हिच्या तोंडून कधी वावगा शब्द निघायचा नाही — एकदा निघाला होता. एकदाच. तुम्हाला तो पटकन सांगून टाकावा असं वाटतं, पण हात तिथं लगेच जात नाही. जरा मागून येते.

तेव्हा मी रोह्याला एका चाळीत राहत होते. नवरा सुरतेला कामाला म्हणून गेला तो गेलाच. सुमी पाच महिन्यांची होती. मी धाटावच्या एका रंगाच्या कंपनीत ठेकेदाराकडे पॅकिंगला लागले. सकाळी सातची शिफ्ट. पोरीला कुठं ठेवणार? चाळीच्या टोकाच्या खोलीत चांगूकाकी राहायची. पेणच्या बाजूची, खाडीकडची. मिठागरात राबून तिचे तळपाय फुटून गेले होते. नवरा वारलेला, पोर झालेलं नाही. ती कंपनीतल्या बायकांची पोरं सांभाळायची, माझी धरून पाच. एका पोराचे महिन्याला पन्नास रुपये. त्यावरच तिची खोली आणि तिची चूल.

पन्नास रुपये मला जड होते. मला दिवसाला पंधरा मिळायचे, तेही काम असेल त्या दिवशी. पण दुसरीकडे कोण ठेवून घेणार होतं? आणि काकीसारखी कोण ठेवणार होतं? नाचणीचं सत्त्व ती रात्रीच भिजत घालायची. सुमीला पायांवर घेऊन अंघोळ घालताना तिचं गाणं चाळभर ऐकू जायचं. मी हे सगळं बघत होते. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का?

मला आनंद होत नव्हता.

शिफ्ट सुटली की मी धावत यायची. कंपनीतला रंग साबणानं जात नसे. नखं पिवळी, केसांना वास. मी हात पुढं केले की सुमी तोंड फिरवून काकीच्या मानेत खुपसायची. काकी हसून म्हणायची, "जा गो, तुजी आय आलेय." आणि सुमी काकीकडं बघून म्हणायची, "आय." काकीलाच. मला ती काहीच म्हणत नसे. काकीला आय, कोंबडीला कोको, आणि मला काही नाही. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट. मीही हसले. घरी येऊन पोरीला जमिनीवर ठेवलं आणि चुलीकडं तोंड करून बसले.

मग ती चालायला लागली तेव्हाचं. एका रविवारी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि माझ्याकडं चार पावलं आली. माझ्याकडं! मी गूळ घेऊन चाळीत वाटत सुटले. मी, जी कुणाच्या दारात उभी राहत नाही. नळावर शेजारच्या वत्सलाबाईनं गूळ तोंडात टाकला आणि खिदळली, "अगो, ती तर मंगळवारपासनं चालते हाय! तुला नाय म्हायत? काकीनं आमाला सांगितलं, हिच्या आईला बोलू नका, तिला सवताच्या डोल्यांनी बघू दे म्हणून."

बघा. काकीनं माझ्यासाठी जपून ठेवलं होतं ते. आणि मला काय वाटलं? मला वाटलं, हिनं माझ्या पोरीचं पहिलं पाऊल घेतलं, आणि वर मला उष्टं वाढलं. हातातला उरलेला गूळ मी गटारात टाकला.

त्यातच ठेकेदारानं कामाचे दिवस तोडले. पगार थकला. काकीचे तीन महिन्यांचे दीडशे रुपये माझ्याकडं राहिले. ती मागायची नाही. मी विषय काढला की म्हणायची, "ऱ्हाऊ दे गो. पोरीच्या दुदाला ठेव आदी." तिनं मागितलं असतं, चार शब्द ऐकवले असते, तर मला बरं गेलं असतं. जिचं देणं आहे तिचा राग येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला तेव्हा कळलं.

आता सांगते.

एका संध्याकाळी मी सुमीला घरी आणली आणि ती रडायला लागली. थांबेचना. पाय पोटाशी घेत होती, आणि दाराकडं बोट करून एकच — आय, आय. मला वाटलं पोट धरलं असेल, दृष्ट लागली असेल. माझी आई अशा वेळी बिब्बा घालायची. काळं फळ असतं ते. सुईला टोचून दिव्यावर धरलं की काळं तेल सुटतं, त्याचे तीन ठिपके पोरीच्या बेंबीजवळ. आई सुईचं टोक नुसतं टेकवायची. सांगायची, जास्ती झाला तर उततो, कातडं सोलून काढतो. हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

मी टेकवला नाही, दाबला. पहिला. ती आणखी जोरात ओरडली — आय! दुसरा. तिसरा.

माझा हात जड का पडला? दृष्ट काढण्यासाठी? की ती दाराकडं बघत होती म्हणून? इतकी वर्षं मी स्वतःला पहिलं उत्तर देत आले. दुसरं खरं आहे.

सकाळपर्यंत बिब्बा उतला. तिन्ही ठिपके एक होऊन तळहाताएवढं लाल झालं, फोड आले, पाणी वाहू लागलं. मी पोरीला तशीच कडेवर घेऊन नळावर गेले. बायका गोळा झाल्या. "अगो बाय, ह्ये काय झालं? भाजली का काय?"

आणि मी म्हणाले, "काल काकीकडं भाजली."

तीन शब्द. मी ठरवून गेले नव्हते, पण ते तोंडात तयार होते. एकीनं कपाळावर हात मारला. दुसरी म्हणाली, पाच-पाच पोरं घेऊन बसते पैशाच्या लोभानं, मग काय होणार! मला काही बोलावंच लागलं नाही. गरीब बाई, ती खोटं कशाला सांगेल?

काकी धावत आली होती. सुमीनं तिच्याकडं झेप घेतली. मी पाठ फिरवली आणि दार लावून घेतलं. आतून ऐकत होते — ती शपथा घालत होती, "माज्याकडं न्हवं गो, संध्याकाली पोर धड दिली मी." कुणी ऐकलं नाही. आठ दिवसांत उरलेली चारही पोरं गेली. महिन्याच्या शेवटी तिनं खोली सोडली. तिच्या दीडशे रुपयांचं काय, असं मी वत्सलाबाईला हळूच विचारलं. ती म्हणाली, "असल्या बाईला कसले पैसे देतेस?" मी दिले नाहीत. मला बरंच वाटलं, तेही लिहून ठेवते.

मग सुमीला कोण सांभाळणार होतं? तिला गावी माझ्या आईकडं ठेवावं लागलं, शाळेत जाईपर्यंत. मला रोज संध्याकाळी मिळणारी लेक आठवड्यातून एकदा मिळायला लागली. जखम भरली तशी लाली ओसरली आणि आधीचे तीन ठिपके वेगळे दिसायला लागले. काळे, एका ओळीत. सुमी बोलायला लागल्यावर तिनं विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, तू लहानपणी एका काकीकडं भाजलीस. पोटच्या पोरीलाही मी तेच सांगितलं.

काकी पेणला भावाकडं आहे आणि गणपतीच्या कारखान्यात घासकाम करते, असं कानावर आलं होतं. सुमी सहा-सात वर्षांची झाली आणि मला कंपनीत जरा बरे पैसे मिळायला लागले, तेव्हा मी गेले. रोह्याला आगगाडी नुकतीच आली होती. कारखान्यात रांगेनं पांढरे गणपती, रंग न लागलेले, आणि मधोमध गोणपाटावर बसून बायका पॉलिश पेपरनं घासत होत्या. काकीच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, मला वाटलं म्हातारपणानं. ती धूळ होती. ती खोकत होती. मी पन्नास रुपये पुढं केले. तिनं माझ्याकडं बघितलं, घेतले, आणि पुन्हा घासायला लागली. दोन महिन्यांनी आणखी पन्नास. खरं सांगायचं ठरवून दोन्ही वेळा गेले. दोन्ही वेळा नुसते पैसे देऊन आले.

तिसऱ्या वेळी सुमीला बरोबर न्यावं लागलं. शाळेला सुट्टी होती, ठेवायला कुणी नव्हतं.

सुमीला काकी आठवत असणं शक्य नव्हतं. पण ती सरळ जाऊन तिच्या गोणपाटावर बसली, तिला टेकून. आणि खरं सांगू? देणं फेडायला आलेली मी, तेव्हाही मला तिचं ते टेकून बसणं बघवलं नाही.

काकीनं नाव विचारलं, कितवीत आहेस विचारलं. सुमीनं तिच्याकडं निरखून बघितलं. "तूच ती काकी? मला भाजवलेली?" आणि फ्रॉक वर करून पोट दाखवलं.

काकीनं ते ठिपके तेव्हा पहिल्यांदा पाहिले. एक, दोन, तीन. एका ओळीत. खाडीकडची बाई, तिला बिब्बा ओळखायला किती वेळ लागणार? तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. फार नाही. सुईत दोरा ओवावा इतकंच.

मग धुळीचं बोट तिनं पोरीच्या पोटावर अलगद फिरवलं. "व्हय गो बाय," ती म्हणाली. "मीच ती. माजा हात चुकला. आता दुकत नाय ना?"

"नाय," सुमी म्हणाली.

मी तिथंच उभी होते. तोंड उघडलं असतं तर आवाज आला असता, मी काही मुकी नव्हते. मी उघडलं नाही. कनवटीच्या पाच दहा-दहाच्या नोटा काढल्या आणि पुढं केल्या. काकीनं पदराला हात पुसले, बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या.

"फिटले गो तुजे," ती म्हणाली.

पूर्ण दीडशे.