मागचे केस

बदलीमुळे आमगावला खोली घेऊन एकटाच राहतो. दाढीला ज्या सलूनमध्ये जातो, तिथे परवा एक म्हातारे गृहस्थ माझ्या आधी बसले होते. समोरचे केस काळेकुळकुळीत, मागचे पांढरेशुभ्र. मांडीवर वाटीत घरूनच कालवून आणलेला डाय आणि जुना टूथब्रश.

"काका, पूरेच इथं करत जा ना," सलूनवाला म्हणाला.

"कायले? समोर माझा हात पुरते. मांगचे बायको लावून देये. आता ते नाही."

एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली, ती केस धुऊन होईपर्यंत वर केली नाही. सलूनवाल्याने मागे आरसा धरला, तर त्यांनी तो हातानेच बाजूला सारला.

"आरसा राहू दे. बायको 'झालं' मने, का झालं." मग उठून माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "तुमीच सांगा जी, झालं का?"

"उजव्या कानामागं थोडं राहिलं," मी म्हणालो.

ते एकदम हसले. "तेथंच राहाये नेहमी," म्हणत पुन्हा खुर्चीत बसले.

संध्याकाळी खोलीवर मी माझे केस रंगवले. मागे चाचपडत ब्रश फिरवला आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने विचारून बसलो, "झालं का?"