खाली घ्या

कुरुंद्यात लिंबाजीला आजारी माणसाच्या घरी कुणी येऊ देत नसे, आणि मरणाऱ्या माणसाच्या घरी त्याच्यावाचून कुणाचं चालत नसे. तो गल्लीत शिरला की बायका लेकरांना आत ओढत. गंमत अशी, की साऱ्या गावात मरणाला लिंबाजीइतकं भिणारा दुसरा माणूस नव्हता. तो विंचवाला भ्यायचा, घुबडाला भ्यायचा, पोलिसाच्या पट्ट्याला तर लांबूनच रामराम घालायचा. अंधार पडल्यावर परसाकडं जायची वेळ आली, तर बायकोला, कोंडाबाईला, कंदील धरून उभं करायचा. त्यात जर्मनच्या लढाईमुळं घासलेट मिळेना झालं, तेव्हापासून तो संध्याकाळी पाणीसुद्धा बेतानं प्यायला लागला होता.

धंदा त्याचा साधाच. अंबाडीचा वाख वळून दोऱ्या करायच्या, लोकांच्या बाजा विणून द्यायच्या, ढिल्या पडलेल्या बाजेची पायथ्याची दोरी ओढून ताणून द्यायची. यात मरणाचा काय संबंध? संबंध आला तो असा.

दाजीबा नावाचा एक म्हातारा तापानं पडला होता. त्याच्या बाजेची पार झोळी झाली होती. लेकानं लिंबाजीला बोलावलं. माणूस वर निजलेला असताना दोरी ओढता येत नाही, म्हणून लिंबाजी सरळ मनानं म्हणाला, "म्हाताऱ्याला जरा खाली घ्या."

आता बाजेवर मरण येऊ द्यायचं नाही, ही आपली रीत. माणूस जायला लागला की त्याला सारवलेल्या भुईवर घ्यायचं. एकदा खाली घेतला की दूध बंद, औषध बंद. तुळशीचं पान आणि घोटभर पाणी. दाजीबाच्या घरच्यांना त्या बोलण्यातलं 'जरा' ऐकूच आलं नाही. सुनेनं हंबरडा फोडला. भुई सारवली, घोंगडं अंथरलं, भाऊबंद धावत आले. लिंबाजी दोरीचं टोक हातात धरून "अहो, दोरी… दोरी…" म्हणत राहिला. लोकांना वाटलं, हा आत्ताच तिरडीच्या तयारीला लागला. दाजीबानं भोवती जमलेली रडकी तोंडं बघितली, काय ते समजला, आणि दिवस मावळायच्या आत गेला.

झालं. वैद्याच्या हाताला यश असतं तसं लिंबाजीच्या तोंडाला यश आहे, असं गावानं ठरवून टाकलं. पुढं त्याला मुद्दाम बोलावणी यायला लागली. नाही म्हणायला धैर्य लागतं, ते त्याच्याजवळ नव्हतं. तो जायचा, निजलेल्या माणसाकडं बघायचा, सगळे आपल्या तोंडाकडं बघताहेत हे बघून त्याला घाम फुटायचा, आणि घाबरून कधीतरी तो 'खाली घ्या' हे दोन शब्द बोलून मोकळा व्हायचा. माणूस जायचाच. ज्याच्या तोंडचं दूध काढलं आणि ज्याच्या उशाशी अख्खी भावकी रडायला बसली, त्यानं उठायचं तरी कशाच्या जोरावर? पण हा हिशेब गावाला सुचला नाही. लिंबाजीला मात्र सुचला होता, आणि तोच त्याला झोपू देत नव्हता. ही माणसं मरायला टेकलेली असतात म्हणून आपण सांगतो, की आपण सांगतो म्हणून मरतात?

अशात एक दिवस मंजुळाबाईचा सांगावा आला, की बाज ढिली झाली आहे, येऊन जा.

मंजुळाबाई म्हणजे किसनरावाची आई. हळदीचं मोठं रान असलेलं घर. तिच्या जबड्यात गाठ झाली होती, ती फुटून गालाला भोक पडलं होतं. हिंगोलीच्या डॉक्टरानं बघितलं होतं. हे आता बरं व्हायचं नाही, असं स्पष्ट सांगून त्यानं हात जोडले होते. पण किसनराव ऐकणारा लेक नव्हता. काढे, लेप, अंगारे, सगळं चालू होतं. दोन्ही वेळेला तो स्वतः आईचं डोकं मांडीवर घ्यायचा आणि लेकराला पाजतात तसं बोंडल्यानं दूध पाजायचा. अर्धं दूध गालातून बाहेर यायचं. ती गुरासारखी ओरडायची. गाव म्हणायचं, लेक असावा तर असा. आणि या लेकानं लिंबाजीला बजावून ठेवलं होतं, की माझ्या दारापुढनं गेलास तर तंगडं मोडीन.

किसनराव शेतात हळद शिजवायला गेला होता. ती संधी साधून लिंबाजी भीतभीत आत शिरला. वास इतका होता की त्यानं उपरणं नाकाला लावलं, मग लाजून काढलं. बाजेची दोरी त्यानं दाबून बघितली. ती तर ताणलेली होती.

"बाज ढिली न्हाई, माय."

"व्हय, न्हाई." मंजुळाबाईचा एकेक शब्द फडक्याआडून येत होता. "तू खाली घ्या म्हन. किसनपुढं म्हन."

लिंबाजीनं दाराकडं बघितलं.

"एवढ्या लोकायला धाडलंस," ती म्हणाली, "माझंच काय वाकडं?"

"माय, म्या कुनालाच धाडलं न्हाई वं."

"ठाव हाय. दाजीबाच्या वक्ताला म्या तिथंच व्हते. तू दोरी दोरी करून राहिला व्हतास."

एवढी वर्षं जे कुणाला सांगता आलं नाही, ते या बाईला ठाऊक होतं, हे ऐकून लिंबाजीला बरं वाटायला हवं होतं. उलट तो दाराकडं सरकला.

"मंग ठाव असूनबी मला काहून म्हनता?"

"किसन माझं ऐकत न्हाई. तुझं ऐकंल." तिनं दम घेतला. "ईख मागत न्हाई तुला. अफू मागत न्हाई. त्यो दूध पाजायचं थांबंल, एवढंच कर."

बघतो, म्हणून लिंबाजी जो निघाला तो मागं न बघता घरी आला, आणि अंगावर घोंगडी घेऊन भर उन्हाळ्यात कुडकुडत बसला.

कोंडाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि त्याला आखाडा बाळापूरच्या बाजारात ऐकलेल्या गोष्टीची आठवण करून दिली. कुठल्याशा गावात एका लेकानं तळमळणाऱ्या बापाला जास्तीची अफू चाटवली होती, तर निजामाच्या पोलिसातल्या अमीनानं, म्हणजे फौजदारानं, त्याला दोराच्या काढण्या बांधून नेलं होतं. लिंबाजी म्हणाला, मी तर नुसतं बोलणार आहे. ती म्हणाली, नुसतं बोलूनच तर तुम्ही एवढी माणसं खपवली. बायकोनं थट्टा केली की खरंच तसं म्हणाली, हे त्याला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही.

मग तो जोशीबुवांकडं गेला. जोशीबुवांनी पोथी न उघडताच सांगितलं, की म्हातारपणी असाध्य रोग झाला तर अन्न सोडून देह ठेवायला शास्त्र आडवं येत नाही. पण संकल्प जिचा तिनं करावा, चारचौघांत करावा. तू मधे खोटं बोललास तर पाप तुझ्या खाती. लिंबाजीनं विचारलं, मग बुवा, तुम्हीच किसनरावाला समजावता का? बुवांना एकदम संध्येची वेळ झाल्याची आठवण झाली.

किसनरावाचा पुतण्या रंगनाथ वसमतला मास्तर होता आणि वर्तमानपत्र वाचायचा. सुट्टीला तो गावी आला होता. तो म्हणाला, यात देव, शास्त्र, लेक कुणाचाच संबंध नाही. देह तिचा, दुखणं तिचं, शुद्धीत आहे. ती म्हणेल ते व्हायला पाहिजे, आणि ज्यांना हे पटत नाही ते रानटी. लिंबाजीला हे फार आवडलं. तो म्हणाला, मास्तर, हेच जरा काकांपुढं बोला. मास्तरानं चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि काका तापट आहेत असं सांगितलं. थोड्या वेळानं आपण होऊनच म्हणाला, की मला आजीच्या खोलीत जाववत नाही.

राहिला इनायत पिंजारी. लिंबाजीचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं कापसाची धुनकी बाजूला ठेवली आणि दाढी खाजवली.

"जान आपली न्हाई, लिंबाजी. अमानत हाय. मालक मागंल तवा द्यायची, त्याच्या आधी आपुन नेऊन टाकायची न्हाई."

"म्हंजी म्हनू नको?"

"म्हनू नको." इनायतनं धुनकी उचलली, पुन्हा ठेवली. "पर मालक दारात उभा असंल, अन् तू कवाडाला कडी लावून बसला, तर तेबी बराबर न्हाई."

"मंग म्या काय करू?"

"मला काय पुसतो? मी कापूस पिंजतो."

लिंबाजी आणखी भ्याला. आतापर्यंत त्याला एकाच गोष्टीची भीती होती, की आपण बोललो तर ती मरेल. आता दुसरी आली, की आपण बोललो नाही तर ती जगेल. मंजुळाबाईचं ओरडणं वाऱ्याबरोबर त्याच्या घरापर्यंत यायचं. दूध पाजायची वेळ झाली की तो कानावर हात ठेवून बसायचा, आणि कोंडाबाई त्याच्याकडं बघायची नाही.

हळद शिजून झाली, खळ्यावर वाळत पडली, आणि एका सकाळी किसनराव स्वतः लिंबाजीच्या दारात येऊन उभा राहिला. लिंबाजीला वाटलं, आता तंगडं गेलं. पण किसनरावाचा चेहरा मार द्यायला आलेल्या माणसाचा नव्हता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. कालपासून आईनं दात आवळून धरले होते. भावकी वाड्यात जमली होती, खाली घ्यायचं का म्हणून कुजबुजत होती.

"तू चल," तो म्हणाला. "बघ, अन् अजून येळ हाय म्हनून सांग. तुझ्या तोंडून आलं म्हंजी हे लोक घरी जातील. मायबी दूध पिईल."

मायलेक दोघांनाही त्याचाच शब्द हवा होता. फक्त मायला एक हवा होता आणि लेकाला दुसरा.

वाड्यात माणसांनी वाट करून दिली. रंगनाथ मास्तर खांबाला टेकून उभा होता. लिंबाजी बाजेशी बसला आणि रीत म्हणून त्यानं मंजुळाबाईचा हात हातात घेतला. नाडीतलं त्याला कधीच काही कळत नसे. आता तर त्याला स्वतःच्याच छातीतली धडधड बोटांत जाणवत होती. म्हातारीनं डोळे उघडले. ते अगदी स्वच्छ होते, आणि त्याच्यावर रोखलेले होते. मागं किसनरावाचा श्वास त्याच्या मानेला लागत होता. तोंड उघडलं तर बाई मरणार, किंवा बाई ओरडत राहणार. पळायचं म्हटलं तर दारात माणसं.

त्याच्या तोंडून जे निघालं ते त्यानं ठरवलेलं नव्हतं.

"मला काय बी कळत न्हाई, मालक."

कुणाला नीट ऐकू आलं नाही. मग तो रडायलाच लागला आणि रडत रडत भडाभडा बोलला. दाजीबाची बाज ढिली होती, मला दोरी ओढायची होती, म्हणून खाली घ्या म्हणालो; तिथनं पुढं तुम्ही विचारत गेलात आणि मी भीत भीत सांगत गेलो. वेळ आहे का नाही, मला आजही सांगता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, याच्या अंगात काहीतरी शिरलंय. दुसरा म्हणाला, भ्यालंय बेनं. किसनरावानं त्याच्या बंडीचा गळा धरून त्याला उभा केला.

"मंग आता मी कुनाला इचारू?" तो ओरडला.

"मायला इचारा की," लिंबाजी डोळे मिटून म्हणाला. "जित्ती हाय. सुद्धीत हाय."

तो फटक्याची वाट बघत राहिला. फटका आला नाही. गळ्यावरची मूठ हळूहळू सैल झाली. किसनराव बाजेकडं वळला. इतके महिने त्यानं आईला गोधडी देऊ का विचारलं होतं, पाठ शेकू का विचारलं होतं. हे विचारलं नव्हतं. आताही त्याला नीट विचारता येईना. हातातल्या बोंडल्याकडं त्यानं बघितलं, मग आईकडं.

"माय, काय करू वं?"

"खाली घे, लेकरा."

रंगनाथ बाहेर निघून गेला. किसनरावानं स्वतः भुई सारवली. बायका पुढं आल्या, त्यांना त्यानं हातानं मागं सारलं. उचलायच्या वेळी त्यानं लिंबाजीला पायाकडनं धर म्हणून सांगितलं. लिंबाजीला वाटलं, आपल्या हातातच ती जाणार. ती गेली नाही. भुईला पाठ टेकल्यावर तिनं फक्त एक लांब श्वास सोडला.

त्या दिवशी ती गेली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. लिंबाजी वाड्याच्या ओट्याखाली बसून राहिला. आत जाववेना, घरी जाववेना. खोलीतून ओरडणं येत नव्हतं, आणि त्या शांततेनं त्याला ओरडण्याहून जास्त धडकी भरत होती. एकदा त्यानं दाराच्या फटीतून बघितलं. किसनराव ओला बोळा आईच्या ओठांना लावत होता. मग त्याचा हात सवयीनं बोंडल्याकडं गेला. तिनं मान हलवली. तो हात तसाच हवेत थांबला आणि मागं आला.

ती तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. आकांत ऐकून लिंबाजी पळायला निघाला. शेजारी येऊन बसलेल्या इनायतनं त्याला काखेत धरून थांबवला.

उजाडल्यावर पोलीस पाटील आला. त्या अफूच्या भानगडीपासून वरून ताकीद होती, की मयताची चौकशी केल्याशिवाय उचलू द्यायचं नाही. त्यानं ओट्यावर उभं राहून विचारलं, की बाई शुद्धीत असताना, बोलत असताना, खाली घेतली म्हणतात. ती कुणाच्या सांगण्यावरून?

सगळ्यांच्या माना लिंबाजीकडं वळल्या. त्यानं दोन दिवसांपूर्वी रडून सांगितलेलं कुणाच्या डोक्यात राहिलंच नव्हतं. अमीन, काढण्या, सगळं त्याच्या डोळ्यांपुढं आलं.

"मायच्या," किसनराव आतून बाहेर येत म्हणाला.

"आँ?"

"मायच्या सांगन्यावरून. म्या तिला इचारलं." तो पायरीवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "लई उशिरा इचारलं, पाटील."