शून्य, पण कधीपासून?

रक्तपेढीतला डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईंना सगळे माघारी 'कधीपासूनबाई' म्हणत. लिफ्ट बंद आहे असं कोणी सांगितलं, की त्या विचारत, "कधीपासून?" नवरा एकदा वैतागून म्हणाला, "तू माझं कधीच ऐकत नाहीस." बाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "कधीपासून?" त्याला नेमकी तारीख आठवेना. भांडण तिथेच मिटलं.

नवे साहेब आले ते साफसफाईचा चंग बांधूनच. एका सकाळी ते वापराच्या आकड्यांची यादी घेऊन बाईंच्या टेबलाशी उभे राहिले.

"हा दुर्मिळ रक्तगटाचा इंडेक्स. वापर किती? शून्य. नुसती जागा अडवतोय, वर प्रत्येक नव्या नोंदीला वेळ खातोय. काढून टाका."

इंडेक्स म्हणजे जाड पुस्तकामागे असते तशी सूची. ही बाईंनीच बारा वर्षांपूर्वी केलेली. ती असली की लाखो रक्तदात्यांतून हवा तो डोळ्याचं पातं लवायच्या आत सापडे. नसली तर मशीन पहिल्या नावापासून चाळत बसणार, आणि तिकडे पेशंट ताटकळणार.

"शून्य कधीपासून, साहेब?"

मागे कोणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं.

"शून्य म्हणजे शून्य!"

"मशीन वापराची बेरीज करत जातं. पण गेल्या गुरुवारी ते धाडकन बंद पडलं आणि आकडे पुसले गेले. मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तुमचं शून्य पाच दिवसांचं आहे."

"मग थांबायचं किती?"

"तीन महिने."

"एक महिना. वर एक दिवस नाही."

बाई रोज सकाळी आकडा बघून वहीत लिहू लागल्या. शून्य. शून्य. डबा अर्धा परत जाऊ लागला. नवऱ्याने कारण विचारलं नाही. उलट प्रश्न येईल अशी त्याला धास्ती.

एकोणतिसाव्या दिवशी दुपारी एका बाळंतिणीसाठी फोन आला. सूचीने क्षणात तीन नावं दिली. पहिल्याने फोन उचलला नाही. दुसरा शिंपी होता. तो अर्धवट कापलेलं कापड टाकून आला. बाळंतीण वाचली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वही पाहिली. "एकच?"

"पेशंटही एकच होती, साहेब."

साहेबांनी काढून टाकायच्या यादीतली ती ओळ खोडली. मग खालच्या ओळीवर बोट ठेवून जरा दबकतच म्हणाले, "आणि हे शून्य?"

बाईंनी चष्मा लावला.

"ती सूची खरंच निरुपयोगी आहे. मीच केली होती. काढून टाका."