अव्वा, बा

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. उतारे, लिंबू-मिरची, अंगात येणं... यातल्या कशालाच मी घरात थारा दिला नाही. आमची एक शेजारीण दर अमावास्येला घुमायची. एकदा मी तिच्या डोक्यावर तांब्याभर गार पाणी ओतलं, तर बाई जागच्या जागी शुद्धीवर आली आणि मला शिव्या द्यायला लागली. तेव्हा या सदरात पांढरी साडी आणि पैंजणांचे आवाज वाचले की मला हसूच येतं. पण एक गोष्ट माझ्या स्वतःच्या घरात, भर दुपारी घडली. तिचा उलगडा मला आजवर झालेला नाही. नात म्हणाली, आजी लिहून पाठव — म्हणून लिहिते.

लढाईचे दिवस होते. चव्वेचाळीस साल असेल, किंवा एखादं मागेपुढे. आमचं गाव अणदूरच्या पुढं, बोरी नदीच्या अंगाला. तो सगळा तेव्हा निजामाचा मुलूख. मी बार्शीची, म्हणजे इंग्रजी हद्दीतली. लग्न होऊन करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावरून गाडी इकडं आली तेव्हा नाक्यावरच्या शिपायानं माझी ट्रंकसुद्धा उघडून बघितली होती. सासर लिंगायत, शेती आणि थोडा भुसाराचा व्यापार. घरात मी, आमचे हे, तीन पोरं आणि सासूबाई. सासूबाईंना सगळं गाव अव्वा म्हणायचं, आम्हीही अव्वाच म्हणायचो.

आमच्या घरात कानडी आणि मराठी एका ताटात जेवत. अव्वा सासऱ्यांच्या फोटोशी कानडीत बोलायच्या, माझ्याशी मराठीत भांडायच्या. भांडणाचा मोठा विषय म्हणजे 'बा'. माझ्या माहेरी बापाला बा म्हणतात. मी तिन्ही पोरांना तेच शिकवलं, थोड्या हट्टानंच. अव्वांना 'अप्पा' पाहिजे होतं. कारण कानडीत 'बा' म्हणजे 'ये'. धाकटा बसू नुकता बोलायला लागला होता. बापाची गाडी दिसली की उंबऱ्यात उभा राहून "बा! बा!" करायचा, आणि आतून अव्वा म्हणायच्या, "आले रे बाबा, किती बोलावतूस." मग माझ्याकडं वळून, "बापाचं नाव 'ये' ठिवलंस. आता मला 'जा' म्हनायला शिकीव त्यास्नी, म्हंजी झालं."

बसूला तेव्हा दोनच शब्द नीट येत होते. अव्वा आणि बा.

त्या वर्षी वैशाख सरता सरता रोज दुपारी वादळ यायला लागलं. सकाळी ऊन असं की माळवदावर पाय ठरत नसे. माळवद म्हणजे आमच्याकडचं सपाट मातीचं छत — कडुलिंबाच्या तुळया, वर फळ्या, त्यावर हातभर पांढरी माती. मी वर कुरडया वाळत घालायची, थोरला मल्लू आणि मधली नीला कावळे हाकायला बसायची. कावळ्यांपेक्षा जास्त कुरडया तीच खायची. आणि दुपार कलली की दक्षिणेकडून काळं यायचं. कुरडया, साडी, पोरं, जे हाताला लागेल ते घेऊन मी जिन्यानं खाली पळायची. मग तासभर घरात कोंडलेली तीन पोरं. मल्लू नीलाच्या झिंज्या ओढणार, नीला त्याला चावणार, बसू दोघांच्या रडण्यात आपलं रडणं मिसळणार. मी दोघांना एकेक धपाटा घालायची, न केलेल्यालाही, म्हणजे हिशेब राहायला नको.

पण ती वादळं हसण्यासारखी नव्हती. मारुतीच्या देवळापुढचा लिंब विजेनं बुंध्यापर्यंत उभा फाटला. नदीपलीकडं एक गुराखी आंब्याखाली उभा राहिला, तो उभ्याचा बसला तो उठलाच नाही. त्याच्या बायकोचा आक्रोश वाऱ्यावर आमच्या दारापर्यंत आला होता. कुणाचे पत्रे उडाले, कुणाचा बैल मेला. गावातली माणसं दुपारी एकमेकांशी बोलतानासुद्धा वर बघत बघत बोलायची. मला भीती वाटायची, खोटं कशाला सांगू. तीन लेकरं पदराशी असली की बाईला आभाळाचीसुद्धा भीती वाटते.

अव्वांचे नियम वाढले. वीज चमकली की पितळेची भांडी झाका. चूल विझवा. आणि सगळ्यात कडक नियम — वादळात बाहेरून हाक आली तर तीन हाका झाल्याशिवाय ओ द्यायची नाही. "मानूस आसलं तर तीनदा हाक मारतंय. दुसरं काय आसलं तर येकदाच." मी म्हणायची, "अव्वा, एकदाच हाक मारणारा माणूस घाईत असंल की." त्यावर त्या नुसत्या नाक मुरडायच्या.

त्या दिवशी आमचे हे गाडी घेऊन नळदुर्गच्या बाजाराला गेले होते. जेवणं झाली आणि आभाळ पिवळं पडलं... हळद कालवल्यासारखं. वारा एकदम बंद. कुत्रं गोठ्यात जाऊन गव्हाणीखाली शिरलं. आणि मग जे सुटलं ते वादळ नव्हतं, मारहाण होती. वाऱ्यानं समोरच्या घराची पडवी उचलली आणि आमच्या अंगणात आपटली. पाठोपाठ गारा. आधी लिंबाएवढ्या, मग मुठीएवढ्या. तुळशीचं वृंदावन डोळ्यांदेखत फुटलं. आमची एक शेळी सुटून अंगणात आली, तिच्या डोक्यावर गार बसली आणि ती पाय झाडायला लागली. नीलानं ते बघितलं. मी तिचं तोंड माझ्या पोटात दाबलं.

अव्वांनी दारातून कुऱ्हाड अंगणात भिरकावली. लोखंड टाकलं की गारा थांबतात म्हणे. गारा काही थांबल्या नाहीत. आम्ही मधल्या घरात कणगीच्या कोपऱ्यात बसलो. मल्लू आणि नीला मला चिकटून, बसू अव्वांच्या मांडीवर वाकळेत गुंडाळलेला. अंधार असा, की अव्वा हातावर असून दिसत नव्हत्या. अंगणापलीकडं गोठा होता, त्याच्या पत्र्यांवर गारा पडत होत्या. तो आवाज कसा होता ते लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मी अव्वांच्या कानाला तोंड लावून ओरडले, "वरून माती पडायली!" तर त्यांना ते ऐकू गेलं नाही. मी दुसऱ्यांदा ओरडले, तरी नाही. शेवटी त्यांचा हात धरून ओल्या मातीवर ठेवला, तेव्हा त्यांना कळलं.

आणि त्या आवाजात मला हाक ऐकू आली.

"अव्वा... बा..."

बाहेरून. गोठ्याकडून. लहान पोराचा आवाज, अगदी हळू, कानाशी बोलल्यासारखा. बसूचा.

मला वाटलं, पोर निसटलं, बाहेर गेलं, आजीला आणि बापाला हाका मारतंय. मी चाचपडत अव्वांच्या मांडीकडं हात नेला. वाकळेत बसू होता. गरम, जागा, तोंडात अंगठा. मी त्याच्या तोंडावरून दोनदा हात फिरवला. मग वाटलं, शेजारच्या कुणाचं तरी पोर असेल... पण बापाला 'बा' आमच्या घराशिवाय गावात कोण म्हणतं?

हे सगळं माझ्या डोक्यात चाललं होतं तोवर अव्वा उठल्या.

मला जे ऐकू आलं त्या दोन हाका होत्या, आजीला एक आणि बापाला एक. पण अव्वांनी ते कानडीत ऐकलं. कानडीत तो एकच सरळ निरोप होता. आई, ये.

तीन हाकांचा नियम घालणारी ती बाई पहिल्या हाकेला ओ देऊन गेली. वीज चमकली त्यात मला तिचं तोंड दिसलं. तसं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "बंदे, मगळे, बंदे," असं ओठ हलत होते. आले, लेकी, आले. आणि माझा बसू तसाच कडेवर घेऊन त्या दारातून थेट गारांत चालत्या झाल्या.

मी काय केलं? मी शिवी दिली. मला त्या क्षणी त्या बाईचा इतका राग आला की हाताला काठी लागली असती तर मी ती घातली असती. म्हातारी वेडी झाली आणि माझं पोर घेऊन मरायला निघाली, एवढंच डोक्यात होतं. पोरं मला सोडेनात. मी भाकरीची काठवट उचलली, ते जाड लाकूड दोघांच्या डोक्यावर धरलं आणि त्यांना ओढत बाहेर पडले. पहिली गार माझ्या खांद्यावर बसली, तो खांदा अजून पावसाळ्यात ठणकतो. दुसरी कानावर. काठवटीवर धडाधड पडत होत्या, अंगणाच्या मधोमध तिचे दोन तुकडे झाले. मी मल्लूला पुढं ढकललं, नीलाला उचललं आणि गोठ्याकडं पळाले.

मागं काहीतरी पडल्याचं कळलं ते आवाजानं नाही, पायाखालच्या जमिनीनं. वळून बघितलं तर घरातून मातीचा लोट येत होता. गारांनी पन्हाळी तुंबल्या होत्या, वरती सगळं साठलं, मधली तुळई मोडली आणि माळवदाचे दोन खण खाली आले. कणगीचा कोपरा त्यातच होता.

गोठ्याचे अर्धे पत्रे तोवर उडाले होते. अव्वांनी बसूला दगडी गव्हाणीत कडब्यावर ठेवलं होतं आणि स्वतः वरून पालथ्या पडल्या होत्या. उघड्या छपरातून गारा सरळ त्यांच्या पाठीवर येत होत्या. पांढरे केस लाल झाले होते. मी त्यांच्यावर जाऊन पडले, पोरांना गव्हाणीखाली कुत्र्याशेजारी कोंबलं, आणि ते थांबेपर्यंत आम्ही तसेच राहिलो. बसूच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. गोठ्यात आमच्याशिवाय कुणीही नव्हतं. अंगणातही नाही. नंतर सगळ्या आळीत विचारलं, कुणाचंही पोर बाहेर पडलेलं नव्हतं.

संध्याकाळी हे आले. पडलेलं घर बघून आधी ढिगाऱ्याकडंच धावले आणि हातांनी माती उपसायला लागले. मी गोठ्यातून हाक मारली, "अहो, इकडं. सगळी हाव." ते मातीतच बसले आणि लहान पोरासारखे रडले.

घर परत उभं राहीपर्यंत आम्ही गोठ्यातच राहिलो. अव्वा बाजेवर पडून असायच्या. पाठ आणि डोकं, दोन्ही ठेचलं होतं. हकिमानं लेप दिले आणि जाताना ह्यांच्याकडं बघून मान हलवली. एकदा त्यांना भाकरी दुधात कुस्करून भरवताना मी विचारलं, "अव्वा, कोन हाक मारत होतं?"

"तुला आयकू आली न्हवं?"

"आली."

"मंग मला कशाला इचारतीस."

ह्यांना विचारलं तर ते म्हणाले, "माझ्या आधीची एक बहीण होती म्हणतात." ती कशानं गेली, किती वर्षांची होती, कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. एक म्हातारी म्हणाली पटकीनं गेली, दुसरी म्हणाली पावसात गेली. अव्वांनी तिचं नावसुद्धा कधी घेतलं नव्हतं.

मिरगाच्या तोंडावर अव्वा खचत गेल्या. रोज दिवेलागणीला मी पोरांना आत घ्यायची तेव्हा त्या बाजेवरून विचारायच्या, "मल्लू आला?" आला. "नीला?" आली. "बसू?" हा काय. आणि मग हळूच, "अन् ती?" पहिल्यांदा मी घाबरले, मग चिडले. 'अव्वा, कोन ती? कुनी न्हाय,' असं मी त्यांना रोज सांगत राहिले. त्या दाराकडं बघत पडायच्या.

शेवटच्या संध्याकाळी त्यांना श्वास पुरत नव्हता. तरी विचारलंच. मल्लू, नीला, बसू. "अन् ती?"

त्या बाईनं माझी तिन्ही पोरं मला परत दिली होती. आणि मी तिला एक खोटा शब्द देत नव्हते. मला स्वतःचीच लाज वाटली. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आली, अव्वा. समदी आत हायती. दार लावू का?"

"लाव," त्या म्हणाल्या.

मी उठून गोठ्याचं दार ओढलं, कडी घातली. वळले तर बसू अव्वांच्या बाजेशेजारी वाकळेवर बसला होता. तो माझ्याकडं बघत नव्हता. शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघत होता. बघता बघता तो बूड घासत थोडा बाजूला सरकला आणि वाकळेचा अर्धा भाग त्यानं मोकळा करून दिला.

बसू आता लातूरला इंजिनियर आहे. त्याला यातलं काही आठवत नाही. तो म्हणतो, "आई, पत्र्याच्या फटीतून वारा वाजला असंल." असेल. मल्लू म्हणतो, त्याला गारांशिवाय काही ऐकू आलं नव्हतं. तेही खरं असेल. जे झालं ते मी लिहिलं. ते काय होतं हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आता तर कळायचं वयही राहिलं नाही. त्या रात्री अव्वा गेल्या, आणि मी वाकळेची ती मोकळी जागा सकाळपर्यंत तशीच राहू दिली.