दादाने ‘वजा’ सांगितलं होतं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी खांदा कॉलनीच्या बाजारात होते. “ताई, हे उठतच नाहीयेत...” एवढंच ती बोलली. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

माझा दादा मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर होता. होकायंत्राची सुई खरी उत्तर दिशा दाखवत नाही, हे मला त्यानेच सांगितलं. पृथ्वीचं चुंबकत्व तिला थोडं ओढतं, जहाजाचं लोखंड थोडं. हा फरक पूर्वेकडे असला तर मिळवायचा, पश्चिमेकडे असला तर वजा करायचा, तेव्हा कुठे खरी दिशा हाती येते. एका दुपारी जहाजावरचं विजेचं होकायंत्र बंद पडलं. दादाने चुंबकाच्या जुन्या होकायंत्रावर दीपगृहाची दिशा वाचली आणि म्हणाला, “सर, फरक पश्चिमेचा. वजा.” कॅप्टनने घाईत मिळवला आणि नकाशावर रेघ ओढली. जहाज खडकावर चढलं. चौकशीत कॅप्टनने सांगितलं, यानेच मला मिळवायला सांगितलं होतं. सुकाणूवरच्या माणसाने दादाचं बोलणं ऐकलं होतं. त्याला नेमकं तेव्हा काही आठवेना. दादाचं लायसन्स निलंबित झालं. पुढे ते परत मिळालं, पण जहाज कुणी दिलं नाही.

मग तो नवीन पनवेलच्या एका क्लासमध्ये बोटीवर जाणाऱ्या मुलांना तेच गणित शिकवू लागला. एका वर्षी क्लासच्या समारंभाला प्रमुख पाहुणा म्हणून तोच कॅप्टन आला आणि मालकाने हार घालायला दादाला पुढे केलं. दादाने घातला. “कशाला घातलास?” कळलं तशी मी त्याच्या घरी जाऊन भांडले. “नोकरी करतो मी तिथे,” म्हणाला आणि जेवायला बसला.

दादा गेल्यावर कॅप्टन भेटायलाही आला. चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, “फार हुशार माणूस. एकच चूक झाली बिचाऱ्याची.” वहिनी आयुष्यात कुणाला उलटून बोलली नव्हती. ती म्हणाली, “चूक तुमची होती. भोगली यांनी. चहा घ्या आणि निघा.” कॅप्टन अर्धा कप तसाच ठेवून उठला. जमलेल्या नातेवाइकांनी मात्र वहिनीलाच गप्प केलं... दुखवट्याच्या घरी असं बोलू नये म्हणे.

चौकशीनंतर दादाला एक सवय जडली होती. काहीही सांगितलं की समोरच्याकडून ते परत वदवून घ्यायचा. भाजीवाला असो की रिक्षावाला, लोक हसायचे. परवा वहिनी फोनवर गॅसवाल्याला पत्ता सांगत होती. सांगून झाल्यावर दादाच्याच करड्या आवाजात म्हणाली, “काय ऐकलंत? परत सांगा.”