खाली उरलेल्या चार ओळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेतल्या पोरांना नाही, आणि ज्या माणसाला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. पत्रकात मी तुम्हाला ‘नागरिक हो, जागे व्हा!’ म्हणून हाका मारतो. आज नाही मारत. आज पाळी माझी आहे — आणि खरं सांगू? लिहायला बसलो तर हसूच येतंय. लाज वाटतेच. पण गोष्ट पुढे इतकी चांगली होत गेली, की तोंड पाडून ती सांगताच येत नाही.

आधी इमारतीबद्दल बोलू द्या.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी आमच्या गावात, काष्टीच्या अलीकडे, सभागृह उभं राहिलं. नकाशा ढवळेसाहेबांचा. गवंड्याचा मुलगा, मुंबईला शिकलेला. तिथे न राहता परत येऊन त्यानं नगरला ऑफिस थाटलं आणि जिल्ह्यात दवाखाने, कचेऱ्या, सभागृहं बांधत सुटला. कमानी नाहीत, घुमट नाहीत, नक्षी नाही. नुसतं उघडं काँक्रीट, त्यावर साच्याच्या फळ्यांचे वळ तसेच ठेवलेले. आमची इमारत तर त्यानं खांबांवर उचलून धरली — का, तर खाली आठवडे बाजार भरतो, तो हलवायचा नाही.

मला यातलं काय माहीत होतं? काहीच नाही. मी बावीस वर्षांचा, डोक्यात सदा चीड. मी बघितलं आणि ठरवलं — मुंबईचा साहेब, गावाला फसवून गेला. पत्रकाचा मथळा दिला : ‘गिलावा कोणी खाल्ला?’ गिलावा मुद्दामच केलेला नाही, हे मला कुणीतरी सांगितलं तेव्हा पत्रक वाटून झालं होतं. पण ते अज्ञान. अज्ञानाची कबुली कसली द्यायची? मी सांगणार आहे ते वेगळं आहे.

आणि एक — ते पत्रक मी कुठे बसून लिहिलं? त्याच इमारतीखाली. भर मे महिन्यात गावात दुसरीकडे कुठे एवढी सावली आणि एवढा वारा होता? तिथे बसलं की डोकं थंड व्हायचं. मला ती इमारत आवडायची हो! आवडायची, म्हणून आणखी चीड यायची.

असो. टाळतोय मी.

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला योसेफकाका. त्यांनी मजकूर लावला आणि हाक मारली, “लेका, खाली चार वळी मोकळ्या राहत्यात. देतो का काही, का लावू येलबुट्टी?”

वेलबुट्टी? माझ्या पत्रकावर? लग्नपत्रिका होती का ती? आम्हाला शिकवलेलंच होतं — पत्रकात माणूस पाहिजे, आणि माणसाला नाव पाहिजे. मी उभ्या उभ्या चार ओळी सांगितल्या. काष्टीच्या सगुणाबाई, वय सत्तर, बाजाराला आल्या असता सभागृहाच्या अठरा पायऱ्या चढताना पडल्या. खुबा मोडला. याला जबाबदार कोण?

जबाबदार मी. काष्टीची सगुणाबाई नव्हतीच. कुणी पडलं नव्हतं. मी ती बाई उभी केली आणि मीच पाडली — चार ओळींची जागा भरायला.

इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी सावलीत भेळ खात बसलो होतो. समोर ढवळेसाहेब. मी भांडणाची तयारी केली. त्यांच्या हातात मोसंब्यांची पिशवी — आजारी माणसाला भेटायला नेतात तशी.

“पत्रक तुम्हीच लिहिलंत ना? मला त्या आजींचं घर दाखवा,” म्हणाले. “बेलापूरच्या वाचनालयाचा नकाशा टेबलावर पडलाय. त्यांना भेटल्याशिवाय त्यावर पेन्सिल ठेवणार नाही. माझ्या पायऱ्यांनी माणूस पाडलाय.”

साहेब, अशी बाई नाही. चारच शब्द होते. तोंडात भेळ होती, असं तेव्हा मी मनाला सांगितलं. भेळ गिळली आणि म्हणालो, “त्या लेकीकडे गेल्या. जामखेडला.” जामखेडच का? लांब, म्हणून. एसटीचे धक्के खाऊन माणूस कंटाळेल, म्हणून. मी त्यांना ओळखलंच नव्हतं!

तीन आठवडे साहेब जामखेडला सगुणाबाई शोधत फिरले, आणि बेलापूरचा नकाशा कोरा. मग एका बाजाराला एसटीतून साहेब उतरले, आणि मागून काठी टेकत एक म्हातारी. जामखेडची. नाव — सगुणाबाई. ती खुशीत सगळ्यांना सांगत होती, “मी कवा पडले रं बाबा? तुमचं गाव मी बघितलं बी न्हाई. ह्यो म्हनला, पडलेली घावत न्हाई, तर तुमी तरी चढून दाखवा. म्हनलं, चल.”

सगळा बाजार गोळा झाला. ती तीन पायऱ्या चढली आणि थांबली.

“सायेब, ह्या पायऱ्या हत्तीसाठी केल्या का?”

लोक असे हसले, की कोंबड्या फडफडल्या.

“आन् हात कुटं ठिवू? तुज्या डोक्यावर?”

“ठेवा,” म्हणाले साहेब. आणि खरंच खालच्या पायरीवर बसले, डोकं पुढे केलं. तिनं त्यांच्या टकलावर हात टेकला आणि चौथी पायरी चढली. टाळ्या, शिट्ट्या! मीही वाजवल्या. का नाही वाजवणार?

त्याच दिवशी तिच्या हाताची उंची टेपनं मोजली. दोन महिन्यांत पायऱ्यांशेजारी लांबलचक उतार झाला आणि त्याला लाकडी कठडा. लोखंड नको, उन्हात तापतं — हेही तिनंच सांगितलं. आज त्या उतारावरून भाजीची हातगाडी सभागृहात जेवणावळीला जाते, बाळंतिणी जातात, पोरं घसरतात. त्या दिवसापासून साहेबांच्या प्रत्येक नकाशात तो उतार असतो आणि शेजारी त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : सगुणाबाई.

आता खरी चूक. चार ओळी नव्हे, ही.

यंदा बेलापूरच्या वाचनालयाचं उद्घाटन झालं. देखणी इमारत! खिडक्या इतक्या खाली, की बसल्या जागी उसाचे मळे दिसतात. साहेबांनी मला स्टेजवर बोलावलं. म्हणाले, “मी वीस वर्षं पायऱ्या काढत होतो. त्या चढतं कोण, हे मला या तरुणानं शिकवलं.” शाल घातली, नारळ दिला. माईक माझ्यापुढे होता. खाली अख्खं गाव. दुसऱ्याच्या खोटेपणावर याच माईकवरून मी तासभर बोललो असतो. मी काय बोललो? “धन्यवाद.”

खाली उतरलो तर पहिल्या रांगेतून एक काठी पोटरीला लागली. जामखेडच्या सगुणाबाई.

“काय रं, ती पडलेली सगुणा घावली का मग?”

“नाही, आजी.”

“घावायची बी न्हाई,” म्हणाली, आणि माझ्या तोंडात पेढा कोंबून एकही दात नसलेलं तोंड भरून हसली.

उतार चांगला झाला म्हणून माझं खोटं खरं होत नाही. एका भल्या माणसाला मी अपराधी केलं, तीन आठवडे त्याचे हात बांधून ठेवले, आणि त्याच्याच हातून शाल घेतली. ती ट्रंकेत आहे.

हा कागद छापायला दिलाय, खाली माझ्या नावासकट. पहिली प्रत मी नगरला साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवणार.

योसेफकाकांचा आत्ताच निरोप आला — याही खेपेला खाली चार ओळी मोकळ्या राहतायत.

वेलबुट्टी लावा म्हणून कळवलंय.